नदीकाठच्या गावातील घराण्याचे फ्युनरल होम: विश्वास ठेवण्यापूर्वी काय विचारावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात, मोनोंगहेला नदीच्या काठी एका लहान गावात राहता. आपले वृद्ध वडील घरीच हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या आजारात सेवा देणाऱ्या संस्थेच्या, देखरेखीखाली आहेत. गावात एकच फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणारे ठिकाण, उरले आहे आणि ते एकाच कुटुंबाने चार पिढ्या चालवले आहे. वेळ येईल तेव्हा त्यांच्याकडे जावे की पिट्सबर्गमधील एखाद्या मोठ्या संस्थेकडे, आपले हिंदू अंत्यविधी त्यांना जमतील का, आणि ‘घराण्याचा व्यवसाय’ या पाटीवर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. मी याच खोऱ्यातील एका कौटुंबिक फ्युनरल होममध्ये परवानाधारक फ्युनरल डायरेक्टर म्हणून बरीच वर्षे काम करीत आले आहे, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. बहुतेक वेळा गावातलेच ठिकाण आपल्यासारख्या कुटुंबाला अधिक सोयीचे पडते, असा माझा अनुभव आहे. मात्र त्याचे कारण पाटीवरचे आडनाव नव्हे. मालक कोण, दर काय, दाहिनी (अग्निसंस्काराची भट्टी) कोणाची आणि रात्री फोन कोण उचलतो, हे आधी विचारून घेतले तरच त्या सोयीचा उपयोग होतो.

या व्यवसायाची घडण समजली, तर विधींविषयीची आपली शंका बरीचशी दूर होईल. अमेरिकेच्या यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह आगगाडीने घरी पाठवण्यासाठी शवलेपनाची, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात रसायने भरण्याची, पद्धत रुळली, आणि १८६५ मध्ये लिंकन यांचा देह शहराशहरांतून दर्शनासाठी ठेवत स्प्रिंगफील्डला नेण्यात आला, तेव्हा ती सामान्य लोकांच्याही परिचयाची झाली. त्याआधी अंत्यविधीची व्यवस्था गावचा सुतार करीत असे. तोच पलंग-कपाटे बनवी आणि तोच शवपेटीही बनवी. त्यामुळे जुन्या गावांत फर्निचरचे दुकान आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था एकाच छपराखाली असे. पुढे ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीत १८८२ मध्ये आणि पिट्सबर्गमध्ये १९३९ मध्ये या विद्येची महाविद्यालये निघाली, परवाने आले, आणि सुताराच्या नातवंडांनी मुख्य रस्त्यावरचा एखादा मोठा वाडा घेऊन खाली फ्युनरल होम आणि वर स्वतःचा संसार थाटला. आजही कित्येक ठिकाणी कुटुंब वरच्या मजल्यावर राहते आणि घरातली मुले खाली कोणी आले असता दबक्या पावलांनी जिना उतरायला लहानपणीच शिकतात.

आपल्या नदीकाठी याला आणखी एक पदर आहे. होमस्टेड, ब्रॅडॉक, डुकेन, मकीस्पोर्ट, डोनोरा या पोलादाच्या गावांत कामासाठी आलेल्या प्रत्येक समाजाचे चर्च जसे वेगळे, तसे फ्युनरल होमही वेगळे असे. स्लोव्हाक, पोलिश, इटालियन, आयरिश, कृष्णवर्णीय अशा प्रत्येकाचा आपापला माणूस ठरलेला असे, कारण मृताच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकेल असाच माणूस त्या घरात हवा होता. रुग्णवाहिकाही पुष्कळ ठिकाणी यांच्याच असत, कारण माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी गाडी गावात दुसऱ्या कोणाकडे नसे. ऑक्टोबर १९४८ मध्ये डोनोरात जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडून राहिला, हजारो लोक आजारी पडले आणि २० जण दगावले. त्या दिवसांत श्वास कोंडलेल्यांना हलवण्यासाठी गावच्या अंत्यसंस्कार व्यावसायिकांच्या गाड्या धावत होत्या, आणि संकटाचा आकार ज्यांना सर्वांत आधी कळला त्यांत हे लोक होते. पिट्सबर्गमध्ये १९६७ साली फ्रीडम हाउस ही प्रशिक्षित रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे काम फ्युनरल होमच्या हातून गेले.

मग कारखाने बंद पडले. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये थांबला. ब्रॅडॉकची लोकसंख्या १९२० मध्ये २० हजारांच्या वर होती. २०२० मध्ये ती दोन हजारांच्याही आत आली. पाच-सहा फ्युनरल होम होती तेथे एखादेच उरले, आणि जे उरले त्याला सगळ्यांचेच विधी शिकावे लागले: ऑर्थोडॉक्स चर्चची प्रार्थना, कॅथलिकांची जपमाळ, शवलेपन निषिद्ध मानणाऱ्या ज्यू आणि मुस्लिम कुटुंबांचे स्नानविधी. म्हणूनच, ‘आम्हाला देहाला रसायने लावायची नाहीत, स्नान आम्हीच घालू, कपडे आम्हीच नेसवू’ असे आपण म्हणालात, तर या लोकांना ते नवखे वाटण्याचे काहीच कारण नाही. शहरातील मोठ्या संस्थेत कदाचित भारतीय कुटुंबांचा अनुभव अधिक असेल, पण तेथे दालन ठराविक तासांसाठीच मिळते, त्यानंतर पुढचे कुटुंब यायचे असते. गावातल्या घरात त्या दिवशी बहुधा आपलेच एक काम असते. माझ्या मते कौटुंबिक फ्युनरल होमचा खरा फायदा हा मोकळा वेळ आहे, आणि त्याविषयी जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

आता पाटीविषयी. या देशातील दहापैकी जवळजवळ नऊ फ्युनरल होम कुटुंबांच्या किंवा खासगी मालकांच्या हाती आहेत, असे व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना सांगते. परंतु १९६२ मध्ये ह्यूस्टनमध्ये स्थापन झालेल्या सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनलसारख्या कंपन्या जुनी फ्युनरल होम विकत घेतात तेव्हा पाटीवरचे आडनाव तसेच ठेवतात, कारण त्यांनी पैसे मोजलेले असतात ते मुख्यतः त्या नावाचेच. पेनसिल्व्हेनियाचा १९५२ चा कायदा मालकीवर इतर राज्यांपेक्षा अधिक बंधने घालतो, आणि परवानाधारक मालक वारला तर त्याच्या पत्नीला व्यवसाय चालू ठेवण्याची मुभाही देतो. तरीही मालक कोण हे सरळ विचारावे. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. मला विचाराल तर, कंपनीचे म्हणून वाईट आणि कुटुंबाचे म्हणून चांगले असे समीकरण मांडू नये. या खोऱ्यात अव्वाच्या सव्वा दर लावणारी कौटुंबिक घरे मी पाहिली आहेत, आणि कंपनीच्या नोकरीत राहून रात्र-रात्र शोकाकुल माणसांजवळ बसणारे सहकारीही पाहिले आहेत.

दरांच्या बाबतीत आपल्या हाती चांगले साधन आहे. १९८४ पासून लागू असलेल्या ‘फ्युनरल रूल’ या संघराज्य नियमानुसार, कोणीही समक्ष जाऊन विचारले तर वस्तू आणि सेवा यांचे वेगवेगळे दर छापलेली यादी त्याला घरी नेण्यासाठी द्यावीच लागते, आणि फोनवर विचारल्यास दर सांगावेच लागतात. नाव सांगण्याचीही गरज नाही. संकेतस्थळावर दर देण्याची सक्ती मात्र या नियमात नाही, त्यामुळे ते तेथे दिसले नाहीत म्हणून शंका घेऊ नये. यादीत ‘मूलभूत सेवा शुल्क’ नावाची एक रक्कम असते आणि ती नाकारता येत नाही. बाकीचे जवळजवळ सर्व काही आपल्या निवडीवर असते. अग्निसंस्कारासाठी पेटी विकत घ्यावीच लागते असे कोणी सांगितले, तर ते खोटे आहे. पुठ्ठ्याचे किंवा साध्या लाकडी फळ्यांचे खोके पुरते, आणि तसा पर्याय उपलब्ध ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पेटी घ्यायचीच असेल तर ती बाहेरून आणता येते आणि त्याबद्दल वेगळा आकार लावता येत नाही. शवलेपनही कायद्याने सरसकट सक्तीचे नाही. पेनसिल्व्हेनियात २४ तासांपलीकडे देह ठेवायचा असेल तर शवलेपन, शीतगृह किंवा बंदिस्त पेटी यांपैकी एक व्हावे लागते. आपल्याला शीतगृह पुरे. पण सर्वांत लहान फ्युनरल होममध्ये शीतगृह नसतेही, अशा वेळी देह दुसरीकडे ठेवतात. तो कोठे ठेवला जाईल हे विचारण्यात संकोच करू नये. अंदाजासाठी सांगते: राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत २०२३ मध्ये अंत्यदर्शनासह अग्निसंस्काराचा देशातील मध्यम खर्च ६,२८० डॉलर होता, तर दफनाचा ८,३००. अंत्यदर्शनाशिवाय थेट अग्निसंस्कार याहून पुष्कळ स्वस्त असतो. मात्र त्याच कामासाठी एकाच जिल्ह्यातील दोन फ्युनरल होमचे दर दुपटी-तिपटीने वेगळे असू शकतात, म्हणून किमान दोन-तीन ठिकाणी फोन करावा.

मृत्यूच्या वेळी घाई करू नये, हे मी प्रत्येक कुटुंबाला आधी सांगते. वडील हॉस्पिसमध्ये असल्यामुळे ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा नाही. हॉस्पिसच्या परिचारिकेला बोलवायचे. ती येऊन मृत्यू नोंदवते आणि फ्युनरल होमला कळवते. गाडी लगेच आलीच पाहिजे असे नाही. मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे आहे, विष्णुसहस्रनाम म्हणायचे आहे, धाकटी बहीण तीन तासांच्या अंतरावरून निघाली आहे, असे सांगितले तर गाडी उशिरा बोलावता येते. गावातल्या माणसाला हे आधीच माहीत असेल तर तो रात्री दोन वाजता उठून निघण्याऐवजी सकाळी सहाला येईल, आणि त्याचेही त्यात काही बिघडत नाही.

त्याच दिवशी अग्निसंस्कार मात्र होणार नाही, आणि भारतातील नातेवाइकांना हे आधीच समजावून ठेवावे. मृत्यूनंतर २४ तास थांबावे लागते, शिवाय प्रत्येक अग्निसंस्कारासाठी जिल्ह्याच्या कॉरोनरची किंवा मेडिकल एक्झामिनरची (मृत्यूंची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याची) मंजुरी लागते. शुक्रवारी रात्री मृत्यू झाला तर सगळी कागदपत्रे होऊन दाहिनीची वेळ मिळेपर्यंत अनेकदा सोमवार-मंगळवार उजाडतो. ‘देह इतके दिवस ताटकळत ठेवला’ असे पुण्याहून फोनवर ऐकून मुलगा कोलमडतो, तेव्हा त्यात त्याचा काही दोष नसतो.

विधींचा भाग मी जरा विस्ताराने लिहिते, कारण गैरसमज तेथेच जास्त होतात. आधी गुरुजींची सोय पाहावी. मंदिरात पूजा करणारे सर्वच पुजारी अंत्येष्टी करीत नाहीत. आपल्याकडे किरवंत वेगळे असत, तसाच विचार येथेही काही जण करतात. पेन हिल्सच्या श्री वेंकटेश्वर मंदिरात किंवा मराठी मंडळातील जाणत्या माणसांकडे आत्ताच चौकशी करून अंत्येष्टी करणारे एक-दोन गुरुजी माहीत करून ठेवावेत. गुरुजी प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत तर भारतातून पडद्यावर विधी सांगता येतो. फक्त त्या दालनात इंटरनेट नीट चालते का, हे कोणीतरी आदल्या दिवशी पाहिलेले असावे.

स्नान आणि वस्त्रे यांसाठी फ्युनरल होमची तयारीची खोली मिळते. तेथे पाण्याचा निचरा असतो, त्यामुळे मोकळेपणाने स्नान घालता येते. पेसमेकर असेल तर तो दाहापूर्वी काढावाच लागतो, कारण त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. ही गोष्ट विसरू नये आणि लपवू तर मुळीच नये. सोन्याचा मणी किंवा अंगठी ठेवण्याचा आग्रह काही घरांत असतो, परंतु ते सोने नंतर हाती लागत नाही. तुळशीची माळ, चंदन, बुक्का, सुती धोतर, फुले, भाताचे पिंड यांना कोणाची हरकत नसते. नारळ आत ठेवू देत नाहीत, कारण तो तापून फुटतो. काच, प्लॅस्टिक आणि धातूची भांडीही चालत नाहीत. तूप चमचाभर, फार तर छोटी वाटी. डबाभर तूप ओतले तर ज्वाला आवरत नाही आणि दाहिनीचे नुकसान होते. दालनात कापूर किंवा निरांजन लावायचे असेल तर आधी सांगावे, म्हणजे धुराचा गजर तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो. खांद्यावर मडके घेऊन प्रदक्षिणा घालण्याचा आणि अश्म्याने ते फोडण्याचा विधी गालिच्यावर करता येणार नाही, पण गाडीखान्यात किंवा मागच्या अंगणात तो व्यवस्थित होतो. बागकामाच्या दुकानात मिळणारी बिनचकाकीची मातीची कुंडी तळाचे भोक बुजवून वापरतात. एका कौटुंबिक घराच्या वृद्ध मालकाने असा विधी एकदा पाहिल्यानंतर, पुढच्या वेळी न सांगता झाडू आणि टोपले तयार ठेवले होते. छापील दरपत्रकात असल्या सोयी शोधून सापडणार नाहीत. त्यासाठी समक्ष बोलावेच लागते.

दाहिनीजवळ उपस्थित राहून कर्त्याने बटण दाबणे, म्हणजे येथील मंत्राग्नी, हे बहुतेक ठिकाणी शक्य असते. मात्र लहान फ्युनरल होमची स्वतःची दाहिनी क्वचितच असते. देह दुसऱ्या कोणाच्या दाहिनीकडे नेला जातो आणि तेथील नियम वेगळे असतात. किती माणसे आत येऊ शकतात, शनिवारी सोय आहे का, वेगळा आकार किती, हे त्या दाहिनीच्या मालकाकडून कळले पाहिजे. मुलगी अग्नी देणार असेल तर येथे कोणी भुवई उंचावत नाही. एका वेळी एकच देह आत जातो, त्याच्याबरोबर क्रमांक कोरलेली धातूची चकती जाते आणि ती अस्थींबरोबर परत येते. तापमान साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सियस असते आणि दोन ते तीन तास लागतात.

आता एक महत्त्वाची सूचना. दाहानंतर उरलेल्या अस्थी येथे यंत्रात घालून त्यांची भुकटी केली जाते, आणि कोणी वेगळे सांगितले नाही तर ती होतेच. अस्थी सावडण्याची ज्यांची इच्छा असते, त्यांना पिशवीत राखाडी पूड मिळाल्यावर धक्का बसतो. अस्थी न दळता द्याव्यात, अशी विनंती अग्निसंस्काराच्या संमतिपत्रावर लेखी करावी. पुष्कळ दाहिनीवाले ती मान्य करतात. फक्त पात्र थोडे मोठे लागते. मग घरी दुधापाण्याने धुऊन, निवडून, वस्त्रात बांधणे हे सारे रीतसर करता येते. दहाव्याला काकस्पर्श होईल का, असेही लोक विचारतात. हिवाळ्यात पिट्सबर्गमध्ये कावळ्यांचे हजारोंचे थवे मुक्कामाला येतात, त्यामुळे पक्ष्यांची वाण नाही. ते पिंडाला शिवतील याची हमी मात्र कोणतेही फ्युनरल होम देऊ शकत नाही. दर्भाचा कावळा करण्याची सोय शास्त्राने ठेवलेली आहेच.

अस्थिविसर्जन येथे करायचे की भारतात, हा निर्णय घाईने घेण्याची गरज नाही. समुद्रात विसर्जनासाठी किनाऱ्यापासून तीन सागरी मैल दूर जावे लागते आणि संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला ३० दिवसांच्या आत कळवावे लागते. हा नियम समुद्रापुरता आहे. नद्यांचा विषय राज्याच्या अखत्यारीत येतो, म्हणून राज्याच्या पर्यावरण खात्याकडे फोन करून विचारावे. गावचा फ्युनरल डायरेक्टर नदी ओळखून असतो. मोनोंगहेलावर जागोजागी बंधारे आहेत, कोळशाच्या बार्जची ये-जा असते, कोठे उतरता येते आणि कोठे प्रवाह धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक असते. काही मराठी कुटुंबे पिट्सबर्गला मोनोंगहेला आणि अ‍ॅलेगेनी एकत्र येऊन ओहायो होते, तो संगम पसंत करतात, आणि थोड्या अस्थी नाशिकच्या रामकुंडासाठी राखून ठेवतात. हार, वस्त्र आणि कलश पाण्यात सोडू नयेत. विमानाने नेताना पात्र लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, कारण धातूच्या पात्रातून क्ष-किरण आरपार जात नाहीत आणि सुरक्षा कर्मचारी ते उघडत नाहीत. मृत्यूचा दाखला, दाहाचा दाखला आणि न्यूयॉर्कमधील भारतीय वाणिज्य दूतावासाचे पत्र बरोबर हवे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त मागवाव्यात. बँक, विमा आणि भारतातील मालमत्ता यांसाठी प्रत्येकी मूळ प्रत मागतात.

शेवटचा मुद्दा आगाऊ पैसे भरण्याचा. फ्युनरल होमकडून तो पर्याय सुचवला जाईल आणि त्यात गैर काही नाही. पेनसिल्व्हेनियात फ्युनरल डायरेक्टरने घेतलेली आगाऊ रक्कम पूर्णपणे विश्वस्त खात्यात ठेवावी लागते, त्यामुळे ती वापरून टाकण्याचा अधिकार त्याला नसतो. तरीही घराण्याच्या व्यवसायात एक नाजूक प्रश्न असतो, तो म्हणजे पुढच्या पिढीचा. मालक सत्तरीत आहे, मुलगी शिकागोत अभियंता आहे आणि मुलाला या कामात रस नाही, अशी स्थिती या खोऱ्यात सर्रास दिसते. अशा घरातून पाच वर्षांनी फोन कोण उचलेल, हे आज सांगता येत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत काळ थोडा असल्यामुळे आगाऊ भरणा करण्याची निकड मला वाटत नाही. दरयादी घेऊन, विधींचे तपशील लेखी देऊन आणि फ्युनरल होमचा क्रमांक हॉस्पिसच्या नोंदीत घालून ठेवणे पुरेसे आहे. आपण स्वतःसाठी किंवा आईसाठी पैसे भरणार असाल, तर फ्युनरल होम विकले किंवा बंद झाले असता करार कोणाकडे जाईल आणि रक्कम दुसऱ्या फ्युनरल होमकडे वळवता येईल का, याचे उत्तर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.